कमाल वेग आणि टिकणारा वेग : काल्पनिक तारकायानांच्या अभ्यासाची प्रस्तावना

जे यान कधी उडालेच नाही त्याचा वेग मोजायचा कसा, असा प्रश्न हे पुस्तक हाती घेणाऱ्या बहुतेकांना पडेल. प्रश्न रास्त आहे. ही याने लाकूड, प्लास्टिक, रंग आणि अलीकडे संगणकावरची चित्रे यांतून उभी राहिली. त्यांची इंजिने कधी तापली नाहीत. तरीही त्यांचा वेग काढता येतो. कथेतला कप्तान कुठून निघाला, कुठे पोहोचला आणि त्याला किती वेळ लागला, हे लेखकाने एकदा सांगून टाकले की अंतराला वेळेने भागायचे एवढेच काम उरते. भागाकार कुणाची भीड धरत नाही, लेखकाचीही नाही.

गंमत पुढे आहे. या भागाकारातून निघालेला आकडा पुष्कळदा त्याच कथेतल्या दुसऱ्या आकड्याशी भांडतो. ते भांडण का झाले, ते मिटवता येईल का, आणि मिटवताना त्या काल्पनिक विश्वाबद्दल नवे काय कळते, हा या अभ्यासाचा विषय. सुरुवात चाहत्यांच्या रात्ररात्र चालणाऱ्या वादांतून झाली. पुढे निर्मितीसंस्थांनी यानांच्या तांत्रिक पुस्तिका काढल्या, खेळ रचणाऱ्यांनी वेगांची कोष्टके केली आणि भौतिकीच्या प्राध्यापकांनाही मोह आवरला नाही. लॉरेन्स क्रॉस यांचे ‘द फिजिक्स ऑफ स्टार ट्रेक’ हे पुस्तक १९९५ साली आले आणि त्याला स्टीफन हॉकिंग यांनी प्रास्ताविक लिहिले.

नवागताचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सर्वांत वेगवान यान कोणते? हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवावा, अशी माझी विनंती आहे. कमाल वेगाच्या आकड्यावरून यानाबद्दल फार थोडे कळते. तो वेग किती तास, किती दिवस टिकतो आणि टिकवताना काय खर्ची पडते, यावरून पुष्कळ काही कळते : इंजिन कसे आहे, इंधन किती आहे, खलाशी कसे जगतात, त्या संस्कृतीची सरहद्द कुठवर जाते. या पुस्तकाचे म्हणणे एवढेच आहे. पुढची सगळी प्रकरणे त्याचीच उदाहरणे आहेत.

अंतराचा पेच

विज्ञानकथेला असल्या अफाट वेगांची गरज का पडली, हे आधी पाहू. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. १९७७ साली सुटलेले व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चालले आहे. त्या वेगाने एवढे अंतर कापायला सुमारे ७५,००० वर्षे लागतील. आपल्या आकाशगंगेची तबकडी साधारण एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. कप्तान आणि त्याचे सहकारी मालिकेच्या पुढच्या भागात त्याच वयाचे हवे असतील, तर लेखकाला प्रकाशवेगाची मर्यादा ओलांडण्यावाचून गत्यंतर नसते. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये घालून दिलेली ही मर्यादा भौतिकीला बंधनकारक आहे. लेखकाला तीतून पळवाट शोधावी लागते.

कमाल वेग आणि टिकणारा वेग यांतला फरक खऱ्या यानांतही दिसतो. माणसाने बनवलेली सर्वांत वेगवान वस्तू म्हणजे पार्कर सोलर प्रोब. २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्यपृष्ठापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवरून जाताना तिचा वेग तासाला ६.९ लाख किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १९२ किलोमीटर होता. पण हा वेग तिच्या इंजिनाचा नव्हता. सूर्याच्या गुरुत्वाने तो दिला आणि सूर्यापासून दूर जाताना परत घेतला. विक्रम पार्करच्या नावावर आहे, तरी ती सूर्याभोवतीच फिरत राहणार. तिच्या वेगाच्या अकराव्या हिश्श्याहूनही कमी वेगाने जाणारे व्हॉयेजर मात्र सूर्यमालेतून कायमचे निघाले आहे. काल्पनिक यानांकडे वळताना एवढे एक उदाहरण ध्यानात ठेवले तरी पुरे.

तीन वाटा

अंतराचा पेच सोडवायला लेखकांनी मुख्यतः तीन वाटा काढल्या. पहिली, प्रकाशापेक्षा वेगाने सलग प्रवास : अवकाश वाकवून, दुसऱ्याच एखाद्या अवकाशात शिरून, किंवा जडत्वच नाहीसे करून. दुसरी, झेप : इथून अदृश्य व्हायचे आणि तिथे प्रकट व्हायचे, मधला प्रवासच नाही. तिसरी, नियम पाळून जायचे : प्रकाशापेक्षा कमी वेगाने, पण वर्षानुवर्षे. प्रत्येक वाटेवर टिकावाचा प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो, म्हणून या पुस्तकाची विभागणीही तशीच केली आहे.

पहिल्या वाटेचा पाया अमेरिकन मासिकांनी घातला. ई. ई. स्मिथ यांची ‘द स्कायलार्क ऑफ स्पेस’ १९२८ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’मध्ये क्रमशः आली आणि यान सूर्यमालेबाहेर पडले. १९३७-३८ मध्ये आलेल्या ‘गॅलॅक्टिक पेट्रोल’मध्ये स्मिथ यांनी जडत्वहीन यान आणले. जडत्वच नाही म्हटल्यावर वेग वाढवायला वेळ लागत नाही. इंजिन चालू करताच यान अशा वेगाला पोहोचते, जिथे इंजिनाचा जोर आणि ताऱ्यांमधल्या विरळ वायूचा विरोध यांचा तोल साधतो. इथे कमाल वेग आणि टिकणारा वेग एकच झाले. जागा जितकी रिकामी तितका वेग जास्त, आणि दोन आकाशगंगांमधल्या पोकळीत तर फारच जास्त. अवकाशातल्या माध्यमाला वेगाच्या हिशेबात धरण्याची ही कल्पना आजही ताजी वाटते.

एका आकड्याची कहाणी

या क्षेत्रात सर्वाधिक कागद ‘स्टार ट्रेक’वर खर्च झाला आहे, आणि ते योग्यच आहे. १९६६ पासून चालत आलेल्या या विश्वात वेगाला ‘वॉर्प’ अंक असतात. मूळ मालिकेच्या निर्मितीवर १९६८ साली निघालेल्या पुस्तकात नियम दिला होता : वॉर्प अंकाचा घन केला की वेग प्रकाशाच्या किती पट ते मिळते. वॉर्प १ म्हणजे प्रकाशवेग, वॉर्प २ म्हणजे आठपट, वॉर्प ६ म्हणजे २१६ पट आणि वॉर्प ८ म्हणजे ५१२ पट. त्याच पुस्तकात वॉर्प ६ ही नेहमीच्या प्रवासाची सुरक्षित कमाल मर्यादा आणि वॉर्प ८ ही निकडीच्या वेळची मर्यादा मानली होती. टिकणारा वेग आणि निमिषभराचा वेग यांतला भेद निर्मात्यांना पहिल्यापासून ठाऊक होता.

आता पडद्याकडे पाहा. १९६९ सालच्या ‘दॅट विच सर्व्हाइव्हज’ या भागात मालिकेतले यान एंटरप्राइज ९९०.७ प्रकाशवर्षे दूर फेकले जाते. त्यावरचा अधिकारी स्पॉक हिशेब करून सांगतो की वॉर्प ८.४ ने परतायला ११.३३७ तास लागतील. घनाच्या नियमाने वॉर्प ८.४ म्हणजे प्रकाशाच्या सुमारे ५९३ पट. त्या वेगाने परतीला वीस महिने लागायला हवेत. स्पॉकच्या आकड्यांचा भागाकार केला तर वेग निघतो प्रकाशाच्या सुमारे ७ लाख ६६ हजार पट. दोन उत्तरांत तेराशेपटीचे अंतर आहे, आणि दोन्ही एकाच विश्वातली आहेत. त्याच भागात इंजिनात घातपात होऊन यान वॉर्प १४.१ पर्यंत अनावर वेग घेते आणि ते वेळेत थांबवले नाही तर यानाचे तुकडे होतील, यावर सगळा ताण उभा आहे. म्हणजे कथेचे नाट्य कमाल वेगात नव्हतेच. यानाला तो किती मिनिटे सोसवेल यात होते.

१९८७ मध्ये ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही पुढची मालिका सुरू झाली तेव्हा मोजपट्टी बदलली. वॉर्प १० म्हणजे अनंत वेग असे ठरले, आणि त्याखालचे अंक त्या अप्राप्य टोकाकडे सरकत गेले. वॉर्प ९ पर्यंत वेग अंकाच्या दहा तृतीयांश घाताने वाढतो : वॉर्प ६ म्हणजे ३९२ पट, वॉर्प ९ म्हणजे १,५१६ पट. त्यापुढे वक्र रेषा झपाट्याने वर चढते. रिक स्टर्नबाख आणि मायकेल ओकुडा यांनी १९९१ मध्ये काढलेल्या तांत्रिक पुस्तिकेत वॉर्प ९.६ साठी १,९०९ पट आणि ९.९ साठी ३,०५३ पट असे आकडे आहेत. या क्षेत्राच्या दृष्टीने त्या पुस्तिकेतली सर्वांत मोलाची नोंद वेगळीच आहे : नवे एंटरप्राइज वॉर्प ९.६ चा वेग बारा तास टिकवू शकते. शिवाय वॉर्प क्षेत्राला लागणारी शक्ती सलग वाढत नाही. प्रत्येक पूर्णांकापाशी ती शिगेला जाते आणि उंबरठा ओलांडताच खाली येते, म्हणून लांबच्या प्रवासात पूर्णांकांवर चालणे किफायतशीर. प्रत्यक्ष वेग त्या भागातल्या वायूच्या घनतेवर आणि क्षेत्रांवर अवलंबून असतो, असेही पुस्तिका सांगते. या एका वाक्याने स्पॉकच्या ११.३३७ तासांनाही थोडी जागा करून दिली.

पुढचे उदाहरण ‘व्हॉयेजर’चे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेच्या पहिल्याच भागात या यानाचा टिकाऊ वेग वॉर्प ९.९७५ असल्याचे सांगितले जाते. मग ते घरापासून ७०,००० प्रकाशवर्षे दूर फेकले जाते आणि कप्तान जेनवे म्हणते की कमाल वेगाने गेलो तरी ७५ वर्षे लागतील. पुस्तिकेतला वॉर्प ९.९ चा वेग जरी धरला तरी हे अंतर तेवीस वर्षांच्या आत कापायला हवे. ७०,००० ला ७५ ने भागले तर सरासरी वेग प्रकाशाच्या ९३३ पट, म्हणजे वॉर्प ७.८ च्या आसपास येतो.

अनेक अभ्यासक इथे ‘लेखकांनी गणित चुकवले’ असा शेरा मारून पुढे जातात. मला ते उतावीळपणाचे वाटते. डेक्कन क्वीनचे इंजिन ताशी शंभराच्या पुढे सहज धावते. पण पुणे ते मुंबई १९२ किलोमीटर जायला तिला सव्वातीन तासांच्या आसपास लागतात, कारण मध्ये बोरघाट आहे, थांबे आहेत आणि उपनगरी गाड्यांची गर्दी आहे. सरासरी साठ पडते. व्हॉयेजरच्या वाटेवर तर नकाशेच नाहीत, इंधन वाटेत शोधायचे आहे, दुरुस्तीची गोदी नाही आणि वाटेत अनोळखी सत्ता आहेत. ९.९७५ हा इंजिनाचा आकडा. ९३३ पट हा प्रवासाचा आकडा. दोन्ही खरे मानले की त्या यानाची असहायता गणितात दिसू लागते.

अर्थात प्रत्येक विसंगती अशी सुटत नाही. २००१ च्या ‘एंटरप्राइज’ या मालिकेच्या पहिल्या भागात वॉर्प ४.५ ने नेपच्यूनपर्यंत जाऊन सहा मिनिटांत परत येता येते असे म्हटले आहे. घनाच्या नियमाने वॉर्प ४.५ म्हणजे ९१ पट. नेपच्यूनला जाऊन यायला प्रकाशाला सुमारे ५०० मिनिटे लागतात. भागाकार साडेपाच मिनिटे. कोणीतरी गणित नीट केले होते. पण त्याच भागात क्लिंगॉन या परग्रहवासीयांच्या ग्रहावर चार दिवसांत पोहोचायचे असते. ९१ पट वेगाने चार दिवसांत यान जेमतेम एक प्रकाशवर्ष जाईल आणि आपला सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. इथे गणित चुकले, एवढेच म्हणणे प्रामाणिक.

छोटा आकडा, मोठा वेग

‘स्टार वॉर्स’ची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण तिथे निर्मात्यांनी आकड्यांशी फार सलगी केली नाही. १९७७ च्या चित्रपटात हान सोलो आपले मिलेनियम फाल्कन प्रकाशवेगापुढे ‘पॉइंट फाइव्ह’ जाते असे सांगतो. हे शब्दशः दीडपट धरले तर शेजारच्या ताऱ्यालाच तीनेक वर्षे लागतील. चित्रपटात मात्र आकाशगंगा ओलांडून जाताना कुणाची दाढीही वाढत नाही. १९८७ मध्ये वेस्ट एंड गेम्सने या विश्वावर भूमिका-खेळ काढला आणि तोडगा दिला : हायपरड्राइव्हचा ‘वर्ग’ म्हणजे प्रवासाच्या वेळेला गुणायचा आकडा. वर्ग १ च्या यानाला जितका वेळ लागेल, त्याच्या दुप्पट वर्ग २ ला आणि निम्मा फाल्कनला. आकडा लहान तितके यान वेगवान. एका संवादातून संपूर्ण परिमाण उभे करण्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

सोलोची दुसरी बढाई, केसेलची फेरी बारा पार्सेकांच्या आत, ही जास्त प्रसिद्ध आहे. पार्सेक हे अंतराचे एकक आहे, ३.२६ प्रकाशवर्षे; मग ती वेगाची बढाई कशी? २०१८ च्या ‘सोलो’ चित्रपटाने उत्तर दिले की नेहमीची वाट लांबून जाते आणि सोलोने धोक्याच्या भागातून आखूड वाट काढली. वाट कमी करणे हाही लवकर पोहोचण्याचाच मार्ग, आणि तो वापरायला इंजिनाइतकीच वाटाड्याची लायकी लागते.

झेप आणि दमछाक

झेपेच्या कथांत वेगाला अर्थच उरत नाही, असे वरवर वाटते. आयझॅक आसिमॉव्ह यांच्या १९४२ पासूनच्या ‘फाउंडेशन’ कथांत झेप क्षणार्धात होते. वेळ जातो तो आकडेमोडीत : पुढची झेप कुठे पडेल हे नीट काढले नाही तर यान एखाद्या ताऱ्याच्या पोटात निघायचे. म्हणून यानाचा खरा वेग गणकाच्या वेगावर ठरतो. १९८२ च्या ‘फाउंडेशन्स एज’मध्ये संगणक सुधारलेला आहे आणि ‘फार स्टार’ हे छोटे यान एकामागून एक झेपा विनासायास घेत जाते. चाळीस वर्षांत झेप तीच राहिली. मोजणारे यंत्र बदलले आणि आकाशगंगा लहान झाली.

झेपेतल्या टिकावाचे सर्वांत भेदक चित्रण २००४ च्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’च्या ‘३३’ या भागात आहे. शत्रू दर ३३ मिनिटांनी येऊन ठेपतो आणि संपूर्ण ताफ्याला दर ३३ मिनिटांनी झेप घ्यावी लागते. अशा २३७ झेपा होतात. गुणाकार केला तर सुमारे १३० तास, पाच दिवसांहून जास्त, आणि तेवढा वेळ कुणीही धड झोपलेले नाही. इंजिने अजून चालत असतात. माणसे कोलमडायला लागलेली असतात. यानाची टिकाऊ क्षमता मोजताना खलाशांना यंत्राचाच भाग धरावे लागते, हे या एका भागाने जेवढे स्पष्ट केले तेवढे कुठल्याही कोष्टकाने केलेले नाही.

नियम पाळणारी याने

तिसऱ्या वाटेवरचे लेखक प्रकाशवेग ओलांडत नाहीत, आणि गणिताच्या दृष्टीने सर्वांत संपन्न भाग हाच आहे. इथे वेगापेक्षा त्वरण महत्त्वाचे. पृथ्वीवर आपल्याला जाणवते तेवढेच, एक जी त्वरण सतत ठेवले, निम्म्या वाटेवर यान उलटे फिरवले आणि तेवढ्याच जोराने वेग कमी करत गेलो, तर प्रॉक्झिमाला पोहोचायला पृथ्वीच्या घड्याळाने सुमारे सहा वर्षे लागतील आणि यानातल्या घड्याळाने सुमारे साडेतीन. मधला कमाल वेग प्रकाशाच्या ९५ टक्के. आकाशगंगेच्या केंद्रापर्यंतची सुमारे २७,००० प्रकाशवर्षे त्याच रीतीने यानाच्या घड्याळाने वीस वर्षांत संपतात; पृथ्वीवर मात्र सत्तावीस हजारांहून अधिक वर्षे गेलेली असतात. म्हणून या विभागातला पहिला नियम : वेळ कुणाच्या घड्याळाची, ते आधी सांगावे.

एवढा काळ त्वरण टिकवायला इंधन कुठून आणायचे? १९०३ मध्ये त्सिओल्कोव्हस्की यांनी मांडलेले रॉकेटचे समीकरण इथे आडवे येते. जास्त वेगासाठी जास्त इंधन, आणि ते इंधन ढकलण्यासाठी आणखी इंधन. १९६० मध्ये रॉबर्ट बसार्ड यांनी सुचवले की ताऱ्यांमधला हायड्रोजन वाटेतच गोळा करावा आणि जाळावा. पोल अँडरसन यांनी १९७० मध्ये या कल्पनेवर ‘टाउ झीरो’ लिहिली. यानाची गती कमी करणारी यंत्रणा निकामी होते. थांबता येत नाही, म्हणून वेग वाढवत राहण्यावाचून इलाज नाही, आणि यानातल्या थोड्या वर्षांत बाहेर अब्जावधी वर्षे लोटतात. वेग टिकवणे हेच संकट ठरलेली कादंबरी म्हणून तिचे स्थान वेगळे आहे. पुढच्या अभ्यासात असे दिसले की गोळा केलेल्या वायूचा विरोध इंजिनाच्या जोराला भारी पडू शकतो. स्मिथ यांच्या जडत्वहीन यानाला अडवणारे माध्यम इथे खऱ्या भौतिकीत परत भेटते.

‘लेव्हायथन वेक्स’ या २०११ च्या कादंबरीने सुरू झालेल्या ‘एक्स्पान्स’ मालेत माणूस बहुतांशी सूर्यमालेतच आहे, आणि बदल घडवला आहे तो कार्यक्षम इंजिनाने. एपस्टाइन इंजिन थोड्या इंधनावर दिवसेंदिवस जोर देत राहते. एक जी त्वरणाने, मध्ये यान उलटवून, पृथ्वी-सूर्याएवढे अंतर तीन दिवसांच्या आत कापता येते. एक तृतीयांश जीने पाच दिवसांत. एक जीच्या कितीतरी पट त्वरण इंजिनाला झेपते, शरीराला झेपत नाही. इंजिनाचा जनक सॉलोमन एपस्टाइन पहिल्याच चाचणीत असा दाबला जातो की कळ बंद करायला त्याचा हात पोहोचत नाही. यान इंधन संपेपर्यंत वेग घेत राहते आणि तो मरतो.

खऱ्या आराखड्यांची तुलना इथे उपयोगी पडते. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने १९७३ ते १९७८ या काळात केलेल्या ‘डीडॅलस’ आराखड्यात ५४,००० टनांच्या मानवरहित यानात ५०,००० टन इंधन होते. इंजिन पावणेचार वर्षांच्या आसपास चालणार, प्रकाशाच्या १२ टक्के वेग मिळणार आणि बार्नार्डच्या ताऱ्यापर्यंतची सुमारे सहा प्रकाशवर्षे पन्नास वर्षांत कापली जाणार. थांबायला मात्र इंधन उरत नाही. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ‘ब्रेकथ्रू स्टारशॉट’ची कल्पना ग्रॅमभर वजनाच्या यानांना लेसरने काही मिनिटांत प्रकाशाच्या २० टक्के वेगावर नेण्याची होती. धुळीचा प्रश्न दोन्हीकडे आहे : प्रकाशाच्या दहा टक्के वेगाने एक ग्रॅम वस्तू आदळली तर सुमारे शंभर टन टीएनटीएवढी ऊर्जा बाहेर पडते. म्हणून काल्पनिक यानाला पुढे ढाल दिली आहे का, हे तपासणे हाही अभ्यासाचाच भाग.

किंमत कोण देतो

वेग टिकवण्याची किंमत नेहमी यानच चुकवते असे नाही. १९९३ च्या ‘फोर्स ऑफ नेचर’ या ‘नेक्स्ट जनरेशन’च्या भागात वॉर्प प्रवासाने अवकाशाचीच झीज होते असे उघड होते आणि त्या विश्वातले ग्रहांचे संघराज्य वॉर्प ५ ची वेगमर्यादा घालते. चिनी लेखक ल्यू त्सिशिन यांच्या २०१० च्या ‘डेथ्स एंड’मध्ये अवकाश वाकवून जाणारी याने मागे असा माग ठेवतात, ज्यात प्रकाशाचाच वेग घटलेला असतो. भौतिकीकडे पाहावे तर १९९४ मध्ये मेक्सिकोचे मिगेल अल्कुबिएरे यांनी सापेक्षतेच्या चौकटीत बसणारे अवकाश वाकवण्याचे गणित मांडले, पण त्याला ऋण ऊर्जा लागते आणि ती हव्या त्या प्रमाणात मिळवण्याचा मार्ग कुणाला माहीत नाही. अवकाशाला हात घालून मिळवलेला वेग फुकट मिळत नाही, यावर कथा आणि गणित यांचे एकमत दिसते.

पुरावा आणि शिस्त

या अभ्यासाला शिस्त लागते. पुराव्याची प्रतवारी ठरवावी : पडद्यावर किंवा मूळ कादंबरीत आलेले पहिले, निर्मात्यांची पुस्तिका दुसरी, खेळ आणि पूरक कादंबऱ्या तिसऱ्या. वेगाचे नाव आणि अंतर-वेळेची जोडी यांत विरोध आला तर दोन्ही नोंदवावे. एकाला गुपचूप गाळू नये. अंतर कशापासून कशापर्यंतचे आहे ते पाहावे. पात्राने ‘शंभर वर्षे’ म्हटले तर तो बोलण्यातला गोल आकडा असू शकतो, ‘११.३३७ तास’ म्हणणारा मात्र स्वतः होऊन परीक्षेला बसलेला असतो. आणि जे गृहीत धरले ते लिहून ठेवावे, म्हणजे दुसऱ्याला हिशेब तपासता येईल.

या क्षेत्रात दोन पंथ आहेत. एक पंथ कथेला दस्तऐवज मानतो आणि प्रत्येक विसंगतीला त्या विश्वातलेच कारण शोधतो. दुसरा म्हणतो की लेखकाला पुढच्या प्रसंगाआधी यान पोहोचायला हवे होते, म्हणून ते पोहोचले. ‘बॅबिलॉन ५’चे निर्माते जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांची याने कथानकाच्या वेगाने धावतात, हे उत्तर प्रसिद्ध आहे. दोन्ही पंथांना जागा आहे. पहिल्याशिवाय हिशेब होत नाही आणि दुसऱ्याशिवाय हिशेबाची मर्यादा कळत नाही. माझा कल पहिल्याकडे आहे; पण त्याने हात टेकले की दुसऱ्याचे म्हणणे मान्य करावे.

मराठी वाचकाला ही वाट परकी वाटू नये. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पारितोषिकाची मानकरी ठरली आणि ती जयंत नारळीकर यांची निघाली. खगोलशास्त्रज्ञाने कथा लिहावी आणि त्यातले विज्ञान तपासून पाहण्याजोगे असावे, ही सवय आपल्याकडे तिथून रुजली. कथेतल्या विज्ञानाला प्रश्न विचारणे म्हणजे कथेचा रसभंग नव्हे, हे नारळीकरांच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

तेव्हा या पुस्तकाकडून एक छोटी मागणी. तुमच्या आवडीची एखादी कथा किंवा मालिका घ्या, कागद-पेन्सिल जवळ ठेवा आणि तीन गोष्टी लिहून काढा : यान किती वेगाने गेले, तो वेग किती काळ टिकला आणि त्याची किंमत कुणी दिली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा संवादात तयार मिळेल. उरलेली दोन तुम्हाला स्वतः काढावी लागतील. ती काढून झाल्यावर पुढची प्रकरणे वाचा, आणि जिथे माझा हिशेब पटणार नाही तिथे बेधडक आपला मांडा. या क्षेत्रातली बहुतेक चांगली उत्तरे अशाच वाचकांकडून आली आहेत.